‘देव वाट दाखवील’ : ‘स्मृतिचित्रे’तल्या विश्वासाचे एक वाचन

मुलुंडला एलबीएस मार्गावरच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी सतरा वर्षे काम केले. २००४ साली तो कारखाना बंद पडला. बंद पडणार हे आधी सहा-सात महिने सगळ्यांना दिसत होते. जेवणाच्या सुट्टीत एकच विषय असे. कोणी रिक्षाचे परमिट घेणार होता, कोणी गावाकडच्या जमिनीचे बोलत होता, कोणी ठाण्याच्या पलीकडे स्वस्तात गाळा शोधत होता. आमच्यात एक सहकारी होते. मूळचे नगर जिल्ह्यातले, मराठी ख्रिस्ती, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. त्यांची पाळी आली की ते म्हणत, “देव वाट दाखवील.” मला या वाक्याचा राग येई. घरात दोन मुली शिकत असताना माणसाने असे बोलावे, हे मला बेजबाबदारपणाचे वाटे. एकदा मी विचारलेच, “आणि नाही दाखवली तर?” ते म्हणाले, “तर थांबायचं. पण डबा भरून थांबायचं.” मग म्हणाले, “तू एवढा वाचतोस, लक्ष्मीबाई वाचल्यास का?”

वाचल्या होत्या, पण शाळेच्या पुस्तकातल्या धड्यापुरत्या. त्यांनी घरची जुनी प्रत आणून दिली. त्या प्रतीपासून सुरू झालेले वाचन वीस वर्षे थांबत थांबत चालू आहे. मी ख्रिस्ती नाही, साहित्याचा पदवीधरही नाही. तरीही या लेखात एक मुद्दा मांडायचे धाडस करतो. अनिश्चित आयुष्यात देवाच्या मार्गदर्शनावर विसंबणे म्हणजे नेमके काय, याचा मराठीतला सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज ‘स्मृतिचित्रे’ हा आहे. आणि तो तसा वाचला जात नाही.

दोन प्रकारचे वाचक

‘स्मृतिचित्रे’ची मराठी समीक्षेने उपेक्षा केली, असे कोणी म्हणणार नाही. या आठवणी आधी ‘संजीवनी’ मासिकातून आल्या आणि १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत पुस्तकरूप झाल्या. तेव्हापासून हे पुस्तक सतत छापले जात आहे. शांता गोखले यांचा इंग्रजी अनुवाद २०१७ मध्ये आला. समीक्षकांनी तिच्यातला विनोद वाखाणला, बोलीचा सहजपणा दाखवून दिला, स्त्रीचे आत्मचरित्र म्हणून तिची थोरवी सांगितली. मात्र लक्ष्मीबाईंचा विश्वास हा या वाचनात बहुधा पार्श्वभूमीला राहतो. नवरा कवी होता, तो ख्रिस्ती झाला, पुढे तीही झाली, अशी ती एक चरित्रातली घटना ठरते.

दुसरा वाचक श्रद्धावान ख्रिस्ती. तो हे पुस्तक साक्ष म्हणून वाचतो. देवाने एका कुटुंबाला कसे टप्प्याटप्प्याने आपल्याकडे आणले, ही त्याची गोष्ट. त्या गोष्टीत सुरुवातीपासून शेवट ठरलेला असतो. मधली रडारड, भांडणे आणि फजिती या वाटेवरच्या खाणाखुणा ठरतात.

पहिला वाचक विनोद घेतो आणि विश्वास सोडतो. दुसरा विश्वास घेतो आणि विनोदाला सैल सोडतो. मला वाटते, या पुस्तकात दोन्ही एकाच मुळातून आले आहेत.

आगगाडीतला प्रवासी

आधी नारायण वामन टिळकांची गोष्ट पाहू, कारण मार्गदर्शनाची गोष्ट म्हणून तीच सांगितली जाते. १८९३ मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन सहप्रवासी भेटला. बोलणे कवितेवरून धर्मावर गेले. उतरताना त्याने टिळकांच्या हाती नवा करार दिला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. त्याचे नाव टिळकांना कधीच कळले नाही. टिळक डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तेथे अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

गोष्ट अशी बेतशीर आहे की तिच्याविषयी शंका घेणे सुद्धा असभ्य वाटावे. अनोळखी दूत, पुस्तक, भाकीत, भाकिताची मुदत आणि मुदतीत पूर्तता. देवाने वाट दाखवली म्हणजे काय, याचे उत्तर येथे स्वच्छ मिळते.

पण ही वाट दाखवली गेली ती एकाच माणसाला. त्या डब्यात लक्ष्मीबाई नव्हत्या. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या आणि पदरात चार वर्षांच्या आतला दत्तू होता. माहेर गोखल्यांचे, नाशिकजवळच्या जलालपूरचे. वडिलांचे सोवळे इतके कडक की ते पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणांत आपल्यापुढे उभे राहते. १८५७ च्या बंडात आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, फाशी झाली. त्या धक्क्यातून वडील शुद्धतेच्या मागे लागले, अशी ती हकिगत आहे. अशा घरातल्या मुलीच्या दृष्टीने नवऱ्याचा बाप्तिस्मा म्हणजे जिवंतपणी आलेले वैधव्य. पुढची काही वर्षे त्यांनी नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी आपल्या माणसांत काढली. नवऱ्याला झालेली स्पष्ट आज्ञा ही बायकोच्या आयुष्यातली सर्वांत मोठी अनिश्चितता होती.

मार्गदर्शनाच्या ख्रिस्ती साहित्यात हा प्रश्न क्वचित विचारला जातो. एकाला वाट दिसते तेव्हा त्याच्या बरोबरच्यांचे काय होते?

वाट पाहणे

मराठीत ‘वाट’ या शब्दाभोवती बरेच काही जमले आहे. वाट दाखवणे, वाट चुकणे, वाट लागणे, वाट काढणे. आणि थांबून राहण्याला आपण म्हणतो ‘वाट पाहणे’. जो थांबला आहे तोही रस्त्याकडेच पाहत असतो. लक्ष्मीबाईंची ती वर्षे ही अशी वाट पाहण्याची वर्षे आहेत. लिहिणारी लक्ष्मीबाई साठी ओलांडलेली आहे, पुढचे सगळे तिला ठाऊक आहे. ती सहज लिहू शकली असती की त्या दुःखातही देव मला आपल्याकडे ओढत होता. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’त तसा दृष्टिकोन आहे. १८५४ साली बाप्तिस्मा घेतलेल्या त्या विद्वान लेखकाने आपल्या आत्मचरित्राला नावच असे दिले की अंधार कोठे संपणार आणि उजाडणार कधी हे मुखपृष्ठावरच कळावे. यात दोष नाही. धर्मांतराच्या आत्मचरित्राची ती रीतच आहे.

लक्ष्मीबाई मात्र त्या रीतीने जात नाहीत. पंढरपूरची बाई पंढरपुरातच राहते. तिला पुढची राहुरी दिसत नाही. तिचा संताप, तिची मत्सराने केलेली कल्पना, नवऱ्याचे पत्र आले की होणारी धांदल हे सगळे त्या वेळच्या अंधारात ठेवूनच सांगितले आहे. दिवा नंतर मिळाला म्हणून तो मागच्या खोलीत नेऊन लावण्याचा मोह त्यांनी टाळला आहे. आत्मचरित्र लिहिणाऱ्याला हे फार अवघड असते. मी स्वतः कारखान्याच्या बंद पडण्याविषयी दोनदा लिहायला बसलो. दोन्ही वेळा कागदावरचा मी प्रत्यक्षातल्या माझ्यापेक्षा शहाणा निघाला.

एक पाऊल

नंतर त्या टिळकांकडे आल्या, पण सुरुवातीला आपले सोवळे आणि वेगळा स्वयंपाक सांभाळून आल्या. या काळातला जातीविषयीचा प्रसंग मला पुस्तकाचा कणा वाटतो. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. तो कोणा मिशनऱ्याने घातलेला नव्हता, टिळकांनी वादात हरवून पदरात टाकलेलाही नव्हता. एकदा उत्तर मिळाल्यावर त्यांनी ते पुढच्या आठवड्यावर ढकलले नाही. कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असे ठरवले आणि तसे केले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी कृती झाली आणि धर्माचे नाव नंतर आले. आकाशवाणी नाही, स्वप्न नाही, भाकीत तर नाहीच. जेवढे कळले तेवढे एक पाऊल. बायबलच्या ११९ व्या स्तोत्रात देवाच्या वचनाला दिव्याची उपमा आहे, आणि तो दिवा पावलांसाठी आहे. त्या काळचा दिवा तेलाचा. त्याचा उजेड दोन-चार हात पडणार. ज्याला रस्त्याचे दुसरे टोक पाहायचे आहे त्याला तो निरुपयोगी. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात अब्राहामाविषयी हेच येते. तो निघाला तेव्हा कोठे जायचे ते त्याला ठाऊक नव्हते. १८३३ मध्ये भूमध्य समुद्रात वारा पडून जहाज अडकले असताना जॉन हेन्री न्यूमनने लिहिलेली प्रार्थनाही एका पावलापुरताच उजेड मागते. गांधीजींना ती इतकी प्रिय होती की नरसिंहराव दिवेटियांनी केलेले तिचे गुजराती रूप आश्रमात गायले जाई.

म्हणजे ख्रिस्ती परंपरेतच मार्गदर्शनाच्या दोन कल्पना आहेत. एक आगगाडीतल्या भाकिताची, जिच्यात शेवट आधी कळतो. दुसरी पावलापुरत्या उजेडाची. टिळकांची गोष्ट पहिलीत बसते म्हणून प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाईंची दुसरीत बसते. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला, देव मानणाऱ्यांच्या आणि न मानणाऱ्यांच्याही, दुसरीच येते.

विश्वासाचा खर्च

टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, हे ‘स्मृतिचित्रे’च्या प्रत्येक वाचकाला आठवत असेल. कोणी मागितले की द्यायचे, मनात आले की उठून जायचे. उद्याची चिंता करू नका ही शिकवण त्यांनी अक्षरशः घेतली. १९१७ मध्ये तर त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या न घेतलेल्या सर्वांसाठी ‘देवाचा दरबार’ उभा करण्याचे मनात धरले. पुढे दोन वर्षांतच, मे १९१९ मध्ये, ते गेले.

या सगळ्याकडे लक्ष्मीबाई कौतुकाने पाहतात, चिडून पाहतात आणि हसतात. हे हसू समीक्षकांनी स्वभावाला जमा केले आहे. मला त्याचे दुसरे कारण दिसते. नवऱ्याची श्रद्धा खरी आहे हे त्यांना मान्य आहे, आणि त्या श्रद्धेमुळे घरात पीठ नाही हेही त्यांना दिसते आहे. या दोन गोष्टींतली कोणतीही एक खोटी ठरवली की प्रश्न सुटतो. नवऱ्याला ढोंगी म्हणायचे, किंवा उपासाला देवाची कसोटी म्हणायचे. लक्ष्मीबाई दोन्ही करत नाहीत. दोन्ही खऱ्या ठेवून जगणाऱ्याला हसण्यावाचून गत्यंतर नसते. शेवट आपल्या हातात नाही हे मनापासून मान्य केलेला माणूसच असे हसू शकतो. म्हणून या पुस्तकातला विनोद हे त्यातल्या विश्वासाचेच रूप आहे, असे मी म्हणतो.

तुलनेसाठी पंडिता रमाबाई पाहाव्यात. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई-वडील गेलेली ही मुलगी पुढे केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातल्या शेकडो मुलींची आई झाली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचा आदर्श त्यांच्यापुढे होता. माणसांकडे न मागता देवाकडे मागायचे आणि अनाथालय चालवायचे, ही त्याची पद्धत. १९०७ च्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी प्रार्थना आणि उत्तरे यांची हकिगत दिली आहे. पण याच बाईंनी विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना, माग आणि तेलाचा घाणा चालवला. त्यांचा विश्वास हिशेबाच्या वहीसह होता. टिळकांना वही ठाऊक नव्हती. त्यांच्या घरची वही लक्ष्मीबाईंच्या डोक्यात होती.

आणि रमाबाईंची वही शेवटी जमेला बंद झाली असेही नाही. कन्या मनोरमा, जिच्याकडे पुढचे काम जायचे, ती जुलै १९२१ मध्ये गेली. आईने त्यानंतरही बायबलच्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्याही गेल्या. ते बायबल छापून पूर्ण झाले १९२४ मध्ये. या नऊ महिन्यांत वाट कोणती दिसत होती? मला तरी भाषांतराची पुढची ओळ एवढीच दिसते.

एक आक्षेप

या मांडणीवर एक आक्षेप मी स्वतःच घेतला आहे आणि त्याचे पुरते उत्तर माझ्याजवळ नाही. मागे वळून पाहिले की सगळ्यांनाच वाट दिसते. ज्यांची वाताहत झाली त्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. त्या काळात ख्रिस्ती नवऱ्यांच्या किती बायका माहेरीच राहिल्या असतील, त्यांच्या आठवणी कोणी मागितल्या नाहीत. लक्ष्मीबाईंच्या मागितल्या त्या मुलाने, तेही वडिलांच्या चरित्राला साधन म्हणून. तेव्हा ‘देवाने वाट दाखवली’ हे वाक्य वाचलेल्यांचेच वाक्य नाही का?

आहे, काही अंशी. म्हणूनच मी लक्ष्मीबाईंना इतर साक्षींच्या वर ठेवतो. त्या आपल्या सुखरूपतेवरून देव सिद्ध करत नाहीत. पुस्तक वाचून झाल्यावर ‘विश्वास ठेवा, तुमचेही भले होईल’ असा निष्कर्ष काढता येत नाही. फार तर एवढे म्हणता येते की एवढ्याशा उजेडात एक बाई चालली आणि चालताना तिने डोळे मिटले नाहीत.

याचा आणखी एक पुरावा ‘ख्रिस्तायन’. टिळकांनी हे महाकाव्य हाती घेतले आणि सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय लिहून सोडले. लक्ष्मीबाईंची अक्षरओळख लग्नानंतरची, नवऱ्याने करून दिलेली. छंदशास्त्र, संस्कृत, देवज्ञान यांपैकी कशाचेही रीतसर शिक्षण नाही. त्यांनी पुढचे साठाहून अधिक अध्याय रचले. ते पूर्ण ग्रंथरूपात १९३८ मध्ये आले तेव्हा त्या हयात नव्हत्या. काव्य म्हणून ते टिळकांच्या ओव्यांच्या तोडीचे सर्वत्र नाही, हे मान्य करायला हवे. पण अर्धवट सुटलेले काम, ज्याची आज्ञा आपल्याला झाली नव्हती, ते उचलून पुढे नेणे हीसुद्धा वाटच आहे. ती दाखवलेली नव्हती. काढलेली होती.

डबा

उपनगरातल्या माझ्या या वाचनाला एक घरगुती बाजू आहे, ती लपवली तर लेख अपुरा राहील.

अंधेरीला सीप्झच्या कुंपणाआड संत योहान बाप्तिस्ता यांच्या चर्चचे अवशेष आहेत. जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधलेले हे चर्च १८४० मध्ये साथीच्या रोगामुळे सोडावे लागले. गावकरी मरोळला गेले आणि तेथे नवे चर्च झाले. सीप्झमध्ये कामाला जाणाऱ्या कोणी तरी सांगितले म्हणून मी या अवशेषांविषयी वाचू लागलो होतो. आमच्या उपनगरांतल्या ईस्ट इंडियन गावठाणांत साक्षी लिहिण्याची परंपरा फारशी नाही. तेथे विश्वास सणांतून, गाण्यांतून आणि अशा स्थलांतरांतून टिकला. छप्पर सोडून निघालेल्या त्या गावाची कल्पना करताना मला नेहमी वाटे की चर्चच्या मूर्ती कोणी हलवल्या हे इतिहासात येईल, पण त्या दिवशी चूल कोणी पेटवली ते येणार नाही.

मग हाच प्रश्न माझ्या घरी आला. कारखाना बंद झाल्यावर ग्रॅच्युइटीचे जे पैसे मिळाले, त्यातले बरेच मी पुस्तकांत आणि ग्रंथालयांच्या फेऱ्यांत घातले. दोन वर्षे नीट नोकरी शोधली नाही. मी देवाचे नाव घेत नव्हतो, पण ‘काही तरी मार्ग निघेल’ असे म्हणत होतो. माझ्या सहकाऱ्याच्या ज्या वाक्याचा मला राग येई तेच वाक्य मी कर्ता गाळून वापरत होतो. त्या दोन वर्षांत बायको पहाटे चारला उठून पोळी-भाजीचे अठरा डबे करत होती. मार्ग निघाला खरा. तो तिने काढला होता.

‘स्मृतिचित्रे’ तिसऱ्यांदा वाचताना हे मला लख्ख कळले, आणि लेखक म्हणून मला लाज वाटली. त्यानंतर मी कोणतीही साक्ष, ख्रिस्ती असो, वारकरी असो की निव्वळ यशोगाथा असो, वाचताना एक प्रश्न सोडत नाही. ज्याला वाट दिसली त्याच्यासाठी त्या दिवसांत डबा कोण भरत होते? बहुतेक पुस्तके या प्रश्नाला उत्तर देत नाहीत. ‘स्मृतिचित्रे’ उत्तर देते, कारण ती डबा भरणारीने लिहिली आहे.

माझे ते सहकारी पुढे मुलीकडे राहायला गेले. अजून अधूनमधून फोन होतो. हा लेख लिहितोय असे सांगितल्यावर म्हणाले, “माझं ते वाक्य घालणार असशील तर पूर्ण घाल.” म्हणून ते सुरुवातीलाच पूर्ण घातले आहे.